सव्वाचार इंचांच्या भोकासाठी

गोल्फमधल्या भोकाचा व्यास सव्वाचार इंच. १८९१ साली सेंट अँड्र्यूजच्या क्लबाने हे माप नियमात घातलं, तेव्हापासून जगभर तेच. चेंडू १.६८ इंचांचा. म्हणजे भोकात चेंडूला जागा तशी ऐसपैस आहे. जागेची चणचण आहे ती आमच्या मागच्या अंगणात.

मी राहते ते टाउनहोम फिनिक्सला खेटून असलेल्या चँडलरमध्ये आहे. ज्यांनी अमेरिका फक्त रील्समध्ये पाहिली त्यांच्यासाठी: टाउनहोम म्हणजे आपल्याकडचं रो-हाऊस. दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक, पुढे गाडीपुरती जागा आणि मागे सहा फुटी भिंतीच्या आत चौदा बाय वीस फुटांचं यार्ड. दोनशे ऐंशी चौरस फूट. मुंबईत एवढ्या जागेत अख्खं कुटुंब राहतं, हे सांगायला कुणी कमेंटमध्ये येणार असेल तर त्याने कष्ट घेऊ नयेत, मला माहीत आहे. पण इथे घराबाहेरचं, आपल्या मालकीचं आकाश म्हणजे एवढंच.

गेल्या तीन-चार वर्षांत आमच्या ओळीतल्या यार्डांना एक साथ लागली आहे. शुक्रवारी ट्रक येतो. दोन दिवस धडधड चालते. रविवारी संध्याकाळी व्हॉट्सॲपवर फोटो पडतो: हिरवंगार प्लॅस्टिक, त्यात तीन भोकं, तीन भोकांत तीन चिमुकले झेंडे आणि पटर हातात धरून उभे असलेले दादा. खाली टाळ्यांचा पाऊस. घरचं पुटिंग ग्रीन! खर्च फुटाला पंधरा ते पंचवीस डॉलरच्या घरात, म्हणजे चार-पाच हजार डॉलर सहज गेले. पैसे त्यांचे आहेत, त्यावर मी बोलणार नाही. बाकी सगळ्यावर बोलणार आहे.

गोल्फवर माझा राग नाही, हे आधीच सांगते. चांगला खेळ आहे. चार तास फोन खिशात ठेवायला लावणारे खेळ आता उरलेत किती? राग आहे तो या हिरव्या चादरीवर आणि तिच्यासोबत फुकट मिळणाऱ्या सात्त्विक समाधानावर. कारण हे ग्रीन कुणी "हौस म्हणून केलं" असं म्हणत नाही. म्हणतात ते असं: "वहिनी, पाणी वाचतं ना हो! तुम्हीच तर पर्यावरणवाल्या."

तर पाण्यापासूनच सुरुवात करू.

पाण्याचा प्रश्न खरा आहे, बनवलेला नाही. आमच्या नळाला येणाऱ्या पाण्यातलं बरंच पाणी कोलोरॅडो नदीचं. ऑगस्ट २०२१ मध्ये अमेरिकी सरकारने या नदीवर इतिहासात पहिल्यांदा अधिकृत टंचाई जाहीर केली आणि २०२२ पासून ॲरिझोनाच्या वाट्याला कात्री लागली. शेजारच्या नेवाडाने २०२१ मध्येच कायदा केला: लास व्हेगसच्या खोऱ्यात जी हिरवळ केवळ शोभेची आहे, जिच्यावर कुणी खेळत नाही, बसत नाही, तिला २०२६ संपल्यानंतर नदीचं पाणी नाही. ॲरिझोनाने २०२२ मध्ये आणखी एक कायदा केला. जिथे खरी हिरवळ लावायला परवानगी आहे, तिथे घरमालकांच्या संघटनेला, म्हणजे एचओएला, कृत्रिम हिरवळीला नाही म्हणता येणार नाही. हेतू चांगला. अमेरिकेत घरगुती पाण्यातलं जवळजवळ एक-तृतीयांश पाणी घराबाहेर, मुख्यतः हिरवळीवर ओतलं जातं. ते थांबायलाच हवं.

पण वाचतं म्हणजे कशाच्या तुलनेत वाचतं? ज्या यार्डांत हे ग्रीन बसले, तिथे त्याआधी हिरवळ होती का? आमच्या ओळीत एकाही यार्डात नव्हती. बिल्डरने घर दिलं तेव्हा मागे होती खडी, दोन झुडपं आणि त्यांना थेंब-थेंब पाणी देणारी एक काळी नळी. वाळवंटातली घरं आता अशीच देतात. खडीला पाणी लागत नाही. ती उचलून तिथे प्लॅस्टिक टाकलं की वाचलं किती? शून्यातून शून्य गेलं की जे उरतं तेवढं.

उलट पाणी वाढलं. मे महिना लागला की ग्रीनचे मालक संध्याकाळी होज घेऊन उभे दिसतात. प्लॅस्टिकला पाणी घालताना! आधी मला वाटलं धूळ धुताहेत. नाही, थंड करतात. कुत्रा असेल तर आणखी एक फेरी, कारण कुत्र्याचं मूत्र खऱ्या मातीत जिरतं, तिथले जिवाणू त्याची विल्हेवाट लावतात. प्लॅस्टिकच्या बुडाशी वाळूत ते तसंच बसतं आणि पहिल्या उन्हाळ्यात आपली हजेरी तीन घरांपर्यंत लावतं. त्यावर वेगळी पावडर मिळते. वेगळा स्प्रे मिळतो. या उद्योगात प्रत्येक अडचणीवर एक बाटली आहे.

आणि थंड तरी किती वेळ होतं? युटामधल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठात २००२ च्या सुमारास तिथल्या नव्या कृत्रिम मैदानाची तापमानं मोजली गेली. हवा ३७ अंश सेल्सियसच्या आसपास असताना पृष्ठभाग ९३ अंशांपर्यंत गेला होता. शेजारच्या डांबरापेक्षाही जास्त. खरी हिरवळ मात्र हवेच्या आगेमागेच. मग त्यांनी पाणी मारून पाहिलं. तापमान धाडकन उतरलं आणि वीसेक मिनिटांत पुन्हा जवळजवळ होतं तिथे चढलं. खरं गवत स्वतःला गार ठेवतं, कारण ते पाणी पिऊन पानांतून हवेत सोडतं. प्लॅस्टिकचं पातं कुठून सोडणार? ते फक्त तापतं.

आता कुणी म्हणेल, ते फुटबॉलचं मैदान होतं, त्यात काळ्या रबराचा चुरा होता. बरोबर. पुटिंग ग्रीनचं पातं आखूड असतं आणि त्यात रबराऐवजी बारीक वाळू भरतात, म्हणून काही अंश कमी धरा. पण ती मोजणी युटातली होती, समुद्रसपाटीपासून साडेचार हजार फुटांवरची. इथे काय चाललंय तेही धरा. २०२३ च्या उन्हाळ्यात फिनिक्समध्ये सलग ३१ दिवस पारा ४३ अंशांच्या वर गेला. २०२४ मध्ये सलग ११३ दिवस ३७.८ च्या, म्हणजे शंभर फॅरनहाइटच्या, खाली राहिला नाही. २०२३ मध्ये एकट्या मॅरिकोपा काउंटीत उष्णतेशी संबंधित ६४५ मृत्यू नोंदले गेले. इथल्या जळित विभागांत दर उन्हाळ्यात असे रुग्ण येतात जे आगीत नाही, फुटपाथवर पडून भाजलेले असतात. साठ अंशांच्या पाण्याने पाच सेकंदांत कातडी भाजते. चालायला नुकतंच लागलेलं पोर दार उघडं मिळालं की कुठे धावतं, हे आईबापांना सांगायला नको. खडीवर ते जात नाही, टोचते. हिरव्यावर जातं. त्याला कुणी शिकवलेलं असतं की हिरवं म्हणजे गार?

माझ्या मते या वस्तूचा सगळ्यात वाईट गुण हाच: ती गारव्याचं सोंग घेते.

आणखी एक गंमत टाउनहोममध्येच होते. नव्या घरांच्या खिडक्यांना ऊन परतवणारी, लो-ई नावाची काच असते. ती उष्णता आत येऊ देत नाही, बाहेर फेकते. घरं इतकी जवळ असतात की शेजाऱ्याच्या वरच्या मजल्यावरच्या काचेतून परतलेला उन्हाचा पट्टा तुमच्या यार्डात पडतो आणि काच किंचित अंतर्वक्र झालेली असेल तर तो भिंगासारखा एका जागी गोळा होतो. त्या पट्ट्यात प्लॅस्टिकचं गवत वितळतं. सरळ वितळतं, पापडासारखं आक्रसून. मग जाळी लावा, फिल्म लावा, शेजाऱ्याशी वाद घाला. तुमचं वीजबिल वाचवायला त्याची काच नाही आणि त्याची काच सोसायला तुमचं गवत नाही. एचओएच्या बैठकीत असले विषय निघतात तेव्हा मी मनापासून जाते.

हे बसवतात कसं, ते बघण्यासारखं आहे, कारण खरं नुकसान वर नसून खाली होतं. आधी तीन-चार इंच माती खणून ट्रकमध्ये भरून नेतात. इथली माती तशीही दिलदार नाही. खाली कॅलिची नावाचा चुनखडीचा थर असतो, कुदळ आपटली की खण्ण वाजतं. पण वरच्या त्या चार इंचांतच जी काही जान असते ती असते. ती गेली. मग तण येऊ नये म्हणून कापड अंथरतात. त्यावर बारीक खडी आणि कुजलेल्या ग्रॅनाइटचा चुरा, ज्याला आपण सरळ मुरूम म्हणतो, तो पसरतात. पाणी मारतात आणि मशीनने धुम्मस करतात. पुन्हा मुरूम, पुन्हा धुम्मस. दोन दिवसांची धडधड ती हीच. चेंडू उड्या न मारता सरळ घरंगळावा म्हणून तळ रस्त्यासारखा घट्ट लागतो. त्यात भोकांचे कप सिमेंटने बसवतात, वर गालिचा पसरतात, सांधे टेप आणि गोंदाने जोडतात, कडेला खिळे ठोकतात आणि शेवटी वाळू झाडून पात्यांत भरतात. शब्दशः रस्ताच बांधला की! फक्त वरून हिरवा.

रस्त्यावर पाऊस पडला की काय होतं ते पुण्यातल्या लोकांना मी सांगावं? कंपनीचा माणूस छातीठोकपणे सांगतो की गालिच्याला भोकं आहेत, पाणी खाली जिरतं. गालिच्यातून जिरतं हो. पुढे धुम्मस मारलेल्या मुरमाचं आणि त्याखालच्या कॅलिचीचं काय? इथेही मान्सून असतो, शब्दही हाच वापरतात, १५ जून ते ३० सप्टेंबर. तो पडतो तेव्हा अर्ध्या तासात महिन्याचा पडतो. खडीच्या यार्डात ते पाणी दगडांमधून रेंगाळत मुरत होतं. आता ते उताराला लागतं. आणि रो-हाऊसमध्ये उतार कुठे असतो? शेजाऱ्याच्या भिंतीकडे. मोठ्या बंगल्यातल्या माणसाने हे ग्रीन केलं तर तो स्वतःचं नुकसान करतो. टाउनहोमवाला ओळीचं करतो. "माझं यार्ड, माझी मर्जी" हे वाक्य सामाईक भिंतीच्या घरात कुणी म्हणूच नये.

दहा-पंधरा वर्षांनी हे उखडावं लागतं. ॲरिझोनाचं ऊन त्याआधीच पाती ठिसूळ करतं आणि ती बारीक तुकड्यांनी सुटत राहतात, वाऱ्याने, झाडूने, बुटांच्या तळव्यांनी. युरोपियन युनियनने २०२३ मध्ये खेळाच्या मैदानांतल्या रबरी आणि प्लॅस्टिकच्या चुऱ्यावर बंदीचा नियम केला, २०३१ पर्यंतची मुदत देऊन. कारण जाणूनबुजून वापरल्या जाणाऱ्या सूक्ष्म प्लॅस्टिकचा तिथला तो सर्वांत मोठा स्रोत निघाला. आपल्या घरच्या ग्रीनमध्ये तो चुरा नसतो, मान्य. पाती मात्र असतात, आणि पाती एका प्लॅस्टिकची, बूड दुसऱ्याचं, गोंद तिसऱ्याचा, त्यात वाळू घट्ट बसलेली. हे वेगवेगळं करून पुन्हा वापरणं इतकं किचकट आहे की बहुतेक वेळा गुंडाळी करून कचऱ्याच्या खड्ड्यात टाकतात. पाणी वाचवलं म्हणून टाळ्या घेतलेले दादा तोवर दुसऱ्या घरात गेलेले असतील.

हे सगळं कुठून सुरू झालं ते ऐका, कारण आपल्या लोकांना त्यातलं एक नाव चांगलं ओळखीचं आहे. कृत्रिम हिरवळ बनवली ती मोन्सँटोने. हो, तीच. विदर्भात जिच्या बीटी कपाशीवर आपण दोन दशकं भांडतो आहोत, ती. तिच्या केमस्ट्रँड या शाखेने साठच्या दशकात नायलॉनचं गवत तयार केलं, नाव ठेवलं केमग्रास. फोर्ड फाउंडेशनच्या पैशांवर चालणारी शाळांच्या इमारतींविषयीची एक संस्था तेव्हा एका प्रश्नावर अडली होती: शहरातल्या मुलांना खेळायला मैदान नाही, असलेल्या अंगणात सिमेंट आहे, गवत टिकत नाही. त्यांच्यासाठी काय करता येईल? १९६४ मध्ये ऱ्होड आयलंडमधल्या मोझेस ब्राउन शाळेत हे गवत पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर अंथरलं गेलं. दोन वर्षांनी ह्यूस्टनच्या ॲस्ट्रोडोमने ते उचललं. त्या बंद छताच्या स्टेडियमची कहाणी तर नाटकात शोभेल अशी. छत पारदर्शक ठेवलं, आत खरं गवत लावलं. खेळाडूंना उंच चेंडू दिसेना, डोळे दिपत. म्हणून छताच्या काचा रंगवल्या. मग गवत मेलं. काही सामने मेलेल्या गवताला हिरवा रंग मारून काढले आणि १९६६ मध्ये मोन्सँटोचा गालिचा आला. तिथून त्याचं नाव ॲस्ट्रोटर्फ.

हॉकीवाल्यांना पुढचं पाठ आहे. १९७५ मध्ये क्वालालंपूरला आपण गवतावर विश्वचषक जिंकलो. १९७६ मध्ये माँट्रियल ऑलिंपिकची हॉकी पहिल्यांदा कृत्रिम मैदानावर झाली आणि आपण सातवे आलो. सगळा दोष गालिच्याचा नव्हता, हे समजण्याइतकी वर्षं आता उलटली आहेत. पण ज्या देशात तसलं मैदान मोजून एकही नव्हतं त्या देशाला तसल्या मैदानावर खेळायला लावलं, एवढं खरंच.

मला या इतिहासात टोचतं ते वेगळं. ही वस्तू ज्यासाठी जन्माला आली ते कारण रास्त होतं. ज्या मुलांना मैदान नाही त्यांना मैदान. म्हणूनच मी पुण्या-मुंबईतल्या बॉक्स क्रिकेटच्या टर्फला नावं ठेवणार नाही. तासाला हजार-दोन हजार भरून रात्री अकराला टर्फ बुक करणाऱ्या पोरांना दुसरं मैदान दाखवा, मग बोलू. एका टर्फवर दिवसाला शंभर जण घाम गाळतात. आमच्या ओळीतल्या पुटिंग ग्रीनवर दिवसाला किती? एक माणूस, दहा मिनिटं, ऑक्टोबर ते एप्रिल. आणि पहिल्या दोन महिन्यांनंतर तोही नाही.

कारण, आता खेळाबद्दलच बोलायचं तर, त्याने पुटिंग फारसं सुधारत नाही. पार ७२ च्या कोर्सवर हिशेबाप्रमाणे ३६ फटके पटिंगचे, म्हणून पटिंगचा सराव हवा, हे विक्रेत्याचं वाक्य खरं आहे. व्यावसायिक खेळाडूसुद्धा आठ फुटांवरून निम्मेच चेंडू आत घालतात. पण पटिंग कठीण का असतं? प्रत्येक ग्रीनचा उतार वेगळा. गवताचा कल वेगळा. सकाळी दव असतं, दुपारी ते वाळतं, संध्याकाळी गवत वाढलेलं असतं. ग्रीनचा वेग मोजायला स्टिम्पमीटर नावाची पन्हाळीसारखी धातूची पट्टी असते. एडवर्ड स्टिम्पसन नावाच्या गृहस्थाने १९३५ ची यूएस ओपन बघून ती बनवली, कारण ओकमाँटच्या ग्रीनवर मोठमोठ्यांचे चेंडू घरंगळत बाहेर जाताना त्याने पाहिले. वेग बदलतो म्हणून तर मोजावा लागतो! तुमच्या यार्डात तीन भोकं, तोच उतार, तोच वेग, वर्षभर. महिन्याभरात ती पाठ होतात. याला सराव म्हणत नाहीत, पाठांतर म्हणतात. मनगट बसवायचंय एवढंच असेल तर दिवाणखान्यात अंथरायची गुंडाळी शंभर-दोनशे डॉलरला मिळते, आणि खरं ग्रीन हवं असेल तर गावातल्या बऱ्याच सार्वजनिक कोर्सवर सरावाचं ग्रीन फुकट असतं. तिथे माणसंही भेटतात.

मग करतात कशाला?

याचं खरं उत्तर कुणी तोंडावर देत नाही म्हणून मी देते. ऑफिसात डायरेक्टर गोल्फ खेळतात. चार तास त्यांच्याबरोबर चालायला मिळणं हे कुठल्याही मीटिंगपेक्षा मोलाचं आहे, हे आपल्या लोकांनी बरोबर हेरलंय. त्यात लाज काही नाही. क्रिकेट आपल्याला असंच कुणीतरी वरून दिलं होतं. पण खेळणं वेगळं आणि खेळणाऱ्यांपैकी असल्याचा फलक मागच्या दारी लावणं वेगळं. ग्रीन हा फलक आहे. पार्टीला घरी आलेल्या साहेबांनी काचेच्या दारातून बाहेर बघावं आणि म्हणावं, "ओह, यू प्ले!" या एका वाक्यासाठी जमिनीचा जीव घेतलाय.

अमेरिकेत हिरवळ पहिल्यापासून फलकच आहे, हेही सांगायला हवं. दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूयॉर्कजवळ लेव्हिटटाउन नावाची वसाहत उभी राहिली, मध्यमवर्गाच्या स्वस्त घरांचा नमुना. तिथल्या नियमांत आठवड्यातून एकदा हिरवळ कापण्याची सक्ती होती. आणि सुरुवातीच्या करारांत आणखी एक कलम होतं: गोऱ्यांखेरीज कुणी इथे राहायचं नाही. नीटस हिरवळ आणि "आपल्यातली माणसं" हे एकाच कागदावर लिहिलेलं होतं. तो कागद रद्द झाला, आपल्याला घरं मिळाली, चांगलंच झालं. पण मिळालेल्या घराच्या मागे जाऊन आपण पहिलं काम काय केलं? त्याच कागदावरचं हिरवळीचं कलम पाळून दाखवलं, तेही अशा वाळवंटात जिथे ते पाळण्याची सक्ती कुणी केलेली नव्हती.

आता ज्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला ते. आमच्या ओळीत दरवर्षी चार-पाच घरांत आजी-आजोबा येतात. सहा महिन्यांचा मुक्काम. गाडी चालवता येत नाही, बस नावाला आहे, फुटपाथवर चिटपाखरू नाही. सातारा-नाशकात ज्यांचा दिवस दारात उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलण्यात जातो, त्यांना इथे घराबाहेर म्हणून जी जागा आहे ती ते चौदा बाय वीस फूट. सकाळी सहा ते आठ आणि अंधार पडल्यावर. तेवढ्यात त्यांना खुर्ची टाकायची असते, चहा प्यायचा असतो, कुंडीत मिरची लावायची असते, कुरडया वाळत घालायच्या असतात (ऊन तर एवढं आहे की तासाभरात वाळतील). ग्रीन झालं की हे सगळं बंद. मी भिंतीपलीकडून ऐकलेलं वाक्य, शब्द तेच: "बाबा, तिथे खुर्ची नको ना, खळगा पडतो." कुंडीचा डाग पडतो. पाणी सांडलं तर वाळू बसते. बाबांनी खुर्ची उचलली आणि गॅरेजच्या दारात नेऊन ठेवली. उन्हाळाभर ते गॅरेजच्या दारात बसले, दोन गाड्यांच्या मागे.

अंगणाच्या नावाने मी गळा काढत नाहीये. गावाकडचं अंगण म्हणजे काही सुवर्णयुग नव्हतं. ते सारवायचं कुणी, झाडायचं कुणी, हे आमच्या आयांना विचारा. मला सारवलेलं अंगण नकोच आहे. पण त्या जागेचा एक गुण होता. ती कुठल्याही एका कामाची नव्हती. सकाळी तिथे धान्य वाळत पडायचं, दुपारी पोरं खेळायची, रात्री बाजा पडायच्या, लग्न निघालं तर मांडव. घरातल्या प्रत्येकाचा तिच्यावर दावा असायचा. तीन भोकं पाडलेली जागा एकाच माणसाची होते, आणि तो माणूस कोण हे प्रत्येक घरात सारखंच निघतं. ज्या ताईंनी चार हजार डॉलरच्या त्या निर्णयात मान हलवली त्यांच्यापैकी किती जणींकडे स्वतःचा पटर आहे?

पुण्यातल्या वाचकांनी फार हसू नये. तुमच्या गॅलरीत प्लॅस्टिकचं गवत आहे, कॅफेच्या भिंतीवर आहे, त्यावर निऑनमध्ये काहीतरी इंग्रजी लिहिलेलं आहे आणि त्याच्यापुढे उभं राहून तुम्ही फोटो काढलेला आहे. एप्रिलच्या दुपारी त्या गॅलरीत अनवाणी उभं राहून बघा आणि मग आम्हाला हसा.

"मग काय करायचं? खडीच बघत बसायचं?" हा प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर झाड. एक. चौदा बाय वीसमध्ये दोन नको, एकच, पश्चिमेच्या कोपऱ्यात. पालो व्हर्डे हे ॲरिझोनाचं राज्यवृक्ष, हिरव्या सालीचं, उन्हाळ्याच्या तोंडावर पिवळ्या फुलांनी भरून जाणारं. नाहीतर मेस्कीट, आपल्याकडच्या वेड्या बाभळीचं भावंड. ती तिकडे जाऊन माजली म्हणून बदनाम, इथे आपल्या घरी आहे आणि शहाण्यासारखी वागते. पहिली दोन-तीन वर्षं तिला पाणी द्यावं लागतं, खोल आणि क्वचित. नंतर फार कमी. होजने प्लॅस्टिक भिजवण्यात जेवढं घालवता त्यातलंच द्या. तिची पानं बारीक असतात, कचरा पडतो, खोटं कशाला बोलू. पण तिच्याखाली खुर्ची टाकता येते, आणि सावली शेजाऱ्याच्या भिंतीवरही पडते. त्याबद्दल अजून कुठल्या एचओएने दंड केल्याचं ऐकलं नाही. आमच्याकडे वीज देणाऱ्या एसआरपीची सावलीच्या झाडांची योजना आहे. एक छोटा वर्ग पूर्ण केला की ग्राहकाला झाड फुकट मिळतं. आपलं घर त्यात बसतं का ते बघून घ्या.

आणि ज्यांनी कालच सही केली आहे त्यांच्यासाठी एक कामाची गोष्ट. विक्रेता घरी आला, तिथेच बसून करार झाला, तर अशा बहुतेक विक्रींवर फेडरल नियमाने ग्राहकाला तीन कामकाजाचे दिवस मिळतात. तिसऱ्या दिवसाच्या मध्यरात्रीपर्यंत कारण न देता करार लेखी रद्द करता येतो. शनिवार धरतात, रविवार आणि सरकारी सुट्टी धरत नाहीत. रद्द करण्याचा फॉर्म त्याने कराराबरोबर द्यायलाच हवा होता. कागदांच्या तळाशी बघा, असेल. आणि झाड आत्ता लावू नका, ऑक्टोबरपर्यंत थांबा.